तारा कुठल्या सुरात लावायच्या? 'स्पॅनिश', 'वेस्टापोल' आणि पत्र्याच्या गिटारची गोष्ट

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नामुळे झाला. प्रश्न अगदी साधा होता: "रेझोनेटर गिटार घेतली आहे, स्लाइड शिकायची आहे, कुठल्या ट्युनिंगपासून सुरुवात करू?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की त्या दोन ओळींच्या मागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे. आणि ती माहीत नसेल तर ट्युनिंग म्हणजे नुसती अक्षरांची यादी वाटते. डी-जी-डी-जी-बी-डी. पाठ करा आणि विसरा.

मीही तसंच केलं होतं. गिटार घरी आली त्याच संध्याकाळी कुठल्याशा धड्यात बघून तारा 'ओपन ई'मध्ये चढवायला घेतल्या. चौथी तार वर, पाचवी वर, तिसरी थोडी वर. पाचवी चढवताना खुंटी जड लागायला लागली तरी मी थांबलो नाही. 'टण्ण' असा आवाज आला आणि तार तुटून मनगटावर बसली. लागलं फार नाही, पण त्यानंतर आठवडाभर मी त्या वाद्याला हात लावला नाही. ही चूक कशामुळे झाली, ते पुढे येईलच.

आधी ट्युनिंग म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घेऊ. स्लाइड म्हणजे करंगळीत किंवा अनामिकेत घातलेली काचेची नाहीतर धातूची नळी. ती तारांवर टेकवायची आणि सरकवायची. पडद्यावर बोट दाबायचं नाही. विचित्र वीणेवर बट्टा सरकतो तसंच. आता गंमत अशी, की ही नळी सरळ असते. ती एका वेळी सगळ्या तारा एकाच रेषेत अडवते. बोटं वाकडीतिकडी ठेवून कॉर्ड धरता येतो, नळी वाकत नाही. म्हणून मग तारांनाच असं मिळवून ठेवायचं, की सगळ्या नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी एक गोड स्वरसमूह वाजावा. याला म्हणतात ओपन ट्युनिंग. तानपुरा आपण का मिळवून ठेवतो? मोकळ्या तारांतून षड्जाचं वातावरण तयार व्हावं म्हणून. इथेही तसंच, फक्त सा आणि प यांच्या जोडीला गंधार येतो.

दोन मुख्य ट्युनिंग आहेत. जाड तारेपासून बारीक तारेकडे म्हणतो, लिहून घ्या.

पहिलं, ओपन डी: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. पेटीवरची पांढरी दोन षड्ज धरा, म्हणजे हे होतं सा, प, सा, ग, प, सा.

दुसरं, ओपन जी: डी, जी, डी, जी, बी, डी. इथे षड्ज पांढरी पाच. आणि स्वर होतात प, सा, प, सा, ग, प.

म्हणजे बघा, दोन्हींत स्वर तेच तीन. एकात खालची आणि वरची तार षड्जाची, दुसऱ्यात दोन्ही टोकांना पंचम. फरक एवढाच. पण या एवढ्याशा फरकावर अख्ख्या घराण्यांची वादनशैली उभी आहे.

आता इतिहास. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे जुने ब्लूज वादक या ट्युनिंगना ओपन जी, ओपन डी म्हणत नसत. ते जीला म्हणायचे 'स्पॅनिश', आणि डीला 'वेस्टापोल'. ही नावं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, स्पेनमधून काहीतरी आलं असणार. तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिनसिनाटी शहरात हेन्री वॉरल नावाचा एक इंग्रज वंशाचा गिटारशिक्षक होता. तेव्हा अमेरिकेत गिटार हे मुख्यतः दिवाणखान्यातलं वाद्य होतं, आणि शिकणाऱ्यांत सुखवस्तू घरांतल्या मुली आणि स्त्रिया बऱ्याच असायच्या. वॉरलने 1860च्या सुमारास गिटारसाठी दोन छोट्या रचना छापल्या. एक 'स्पॅनिश फँडँगो', ओपन जीमध्ये. दुसरी 'सेबास्टोपोल', ओपन डीमध्ये. दुसरीचं नाव आलं क्रिमियन युद्धातून. 1854-55मध्ये सेबास्टोपोलला वेढा पडला होता, आणि रचनेत बिगुल, लष्करी कूच वगैरेंचा भास आणलेला होता.

या रचना तुफान चालल्या, कारण त्या सोप्या होत्या. मोकळ्या तारांवर निम्मं काम होऊन जायचं. नवशिक्यासाठी छापलेलं संगीत होतं हे! पुढे शतकाच्या शेवटाला टपालाने वस्तू पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून स्वस्त गिटारी खेड्यापाड्यांत पोचायला लागल्या. ज्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकून, बघून या रचना उचलल्या. रचनेचे तपशील गळून गेले, तारा मिळवायची पद्धत तेवढी राहिली, आणि तिला रचनेचं नाव चिकटलं. 'सेबास्टोपोल'चं 'वेस्टापोल' झालं, कुठे 'वॅस्टोपोल' झालं. उत्तर कॅरोलिनाच्या एलिझाबेथ कॉटन या गायिका-वादिकेच्या 1958च्या रेकॉर्डवर दोन्ही नावं सापडतात: 'वॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फ्लँग डँग'. फँडँगोचं फ्लँग डँग! शब्द तोंडोतोंडी फिरला की असा झिजतो.

मला या टप्प्यावर थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. ब्लूजबद्दल बोलताना आपण पटकन म्हणतो, की हे शेतमजुरांच्या वेदनेतून उगवलं, जणू कोणी न शिकवता. वेदना खरी होती, त्याबद्दल वादच नाही. पण तारा मिळवायची रीत मात्र दिवाणखान्यातून शेतावर आलेली दिसते. त्या माणसांनी ती नुसती घेतली नाही, पार बदलून टाकली. लष्करी कूचच्या जागी त्यांनी आगगाडी आणली, मरण आणलं, देव आणला. हे त्यांचं कर्तृत्व, आणि ते सांगायचं तर उसनवारी लपवायची गरज नाही.

आता दुसरा प्रवाह, आणि तो येतो समुद्रातून. हवाई बेटं. 1793मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने हवाईच्या राजाला गुरं भेट दिली. ती मारायची नाहीत असा राजाचा हुकूम झाला, गुरं बेसुमार वाढली, रानटी झाली. मग 1830च्या दशकात ती आवरायला मेक्सिकोकडच्या प्रदेशातून स्पॅनिश बोलणारे गुराखी बोलावले गेले. त्यांच्या सामानात गिटारी होत्या. हवाईच्या लोकांनी त्या घेतल्या आणि तारा आपल्या गळ्याला सोयीच्या वाटतील अशा सैल केल्या. या पद्धतीला इंग्रजीत 'स्लॅक की' म्हणतात, म्हणजे अक्षरशः सैल केलेली खुंटी. तिथली सगळ्यांत लोकप्रिय जुळणी कोणती? डी, जी, डी, जी, बी, डी. तिला ते म्हणतात 'टॅरो पॅच', म्हणजे अळूचं शेत. आपल्या अळूवडीच्या अळूचाच तो भाऊबंद, तिथलं मुख्य अन्न.

म्हणजे मिसिसिपीतलं 'स्पॅनिश' आणि हवाईतलं 'अळूचं शेत' ही एकच जुळणी! एका टोकाला सिनसिनाटीचा शिक्षक, दुसऱ्या टोकाला गुराखी. दोघंही एकाच ठिकाणी का पोचले? माझं उत्तर असं, की नेहमीच्या गिटारवरून तिथे पोचायला सगळ्यांत कमी कष्ट पडतात. नेहमीच्या तारा असतात ई, ए, डी, जी, बी, ई. यातल्या मधल्या तीन, डी-जी-बी, जशाच्या तशा राहतात. फक्त सहावी, पाचवी आणि पहिली एक-एक पूर्ण स्वर खाली उतरवायची. झालं! हे यंत्राशिवाय कानानेही जमतं: पाचवी तिसरीशी जुळवा, खालच्या सप्तकात, सहावी आणि पहिली चौथीशी जुळवा.

पण हवाईने स्लाइडला दिली ती खरी देणगी म्हणजे लोखंड. 1874 साली ओआहू बेटावरच्या लाइये गावात जन्मलेला जोसेफ केकुकू नावाचा मुलगा. त्याने शाळकरी वयात गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवायची पद्धत बसवली. रुळांच्या कडेला सापडलेल्या बोल्टपासून हे सुचलं, असा किस्सा सांगतात. आणखी काही नावंही घेतली जातात. त्यात गॅब्रियल डेव्हिऑन हे मूळ भारतीय असल्याचं म्हटलं जाणारं एक नाव आहे. त्यावरून 'बघा, हेही आपलंच' असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेल. मी एवढंच म्हणेन, की त्या दाव्यामागचा पुरावा फार तोकडा आहे. आणि पद्धत घडवली, वाद्याला त्यानुसार बदललं, जगभर फिरून शिकवली, याचं श्रेय केकुकूला देण्यात कुणाची अडचण नसावी.

त्याच्या काळाकडेही बघा. 1893मध्ये हवाईची राणी लिलिओकलानी हिची सत्ता उलथवली गेली. 1898मध्ये बेटं अमेरिकेने आपल्यात सामील करून घेतली. केकुकू 1904मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, नंतर युरोपात फिरला, आणि 1932मध्ये न्यू जर्सीत वारला. ज्या देशाने त्याचं राज्य गिळलं त्याच देशाच्या थिएटरांत त्याचं वाद्य टाळ्या घेत होतं. 1915मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पनामा कालव्याच्या निमित्ताने मोठं प्रदर्शन भरलं. हवाईच्या दालनात रोज गाणं-बजावणं चालायचं. प्रदर्शनाला दीड कोटीहून जास्त लोक आले. पुढच्याच वर्षी हवाईयन रेकॉर्डींची अमेरिकेत लाट आली.

मग प्रश्न येतो: मिसिसिपीतल्या स्लाइडची प्रेरणा हवाईची, की स्वतंत्र? डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने 1941च्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. 1903च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना एक कृष्णवर्णीय माणूस शेजारी गिटार वाजवत होता, तारांवर सुरी दाबून. हँडी तिथे हवाईयन वादकांची आठवण काढतो. पण ही आठवण लिहिली गेली अडतीस वर्षांनी. 1903मध्ये मिसिसिपीच्या त्या कोपऱ्यात हवाईयन गिटार कितीशी पोचली असेल? शिवाय दक्षिणेतली कृष्णवर्णीय मुलं भिंतीवर एक तार ठोकून, बाटली सरकवून वाजवायचीच. मला वाटतं दोन्ही प्रवाह होते, आणि 1915नंतर ते मिसळले. 1923मध्ये सिल्व्हेस्टर वीव्हरने 'गिटार रॅग' रेकॉर्ड केलं, ते ऐकलं तर त्यात दोन्हींची चव लागते.

आता येऊ पत्र्याच्या गिटारकडे. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा एक साधी अडचण होती: गिटार ऐकूच जायची नाही. जॉर्ज बोशाँ हा नाटक कंपन्यांतून हवाईयन गिटार वाजवणारा गडी. त्याने लॉस एंजेलिसमधल्या जॉन डोपेरा या कारागिराला गाठलं. डोपेरा मूळचा स्लोवाकियातला, घरात व्हायोलिन बनवायची परंपरा. त्याने गिटारच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले, घोडी त्यांच्यावर टेकवली. तारेचं कंपन घोडीतून शंकूत, आणि शंकू ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखा आवाज बाहेर फेकतो. 1927मध्ये नॅशनल कंपनीची तीन शंकूंची गिटार आली. अंग जर्मन सिल्व्हरचं. हो, आपल्या आज्यांकडच्या तबकांच्या धातूचं! या गिटारची किंमत 125 डॉलरपासून पुढे होती, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरच.

मग नेहमीचं झालं. भांडण. डोपेरा दोनच वर्षांत बाहेर पडला आणि भावांबरोबर स्वतःची कंपनी काढली: डोपेरा ब्रदर्स, म्हणून 'डोब्रो'. स्लोवाक भाषेत 'डोब्रो'चा अर्थही 'चांगलं'. डोब्रोत शंकू एकच, पण उलटा, वाटीसारखा वर तोंड केलेला, आणि घोडी आठ पायांच्या कोळ्यासारख्या धातूच्या चौकटीवर. इकडे नॅशनलनेही एक शंकू असलेली स्वस्त गिटार काढली. तो शंकू सरळ, टोकावर लाकडाची बिस्किटाएवढी चकती, तिच्यावर घोडी. त्या एका शंकूची कल्पना आधी कोणाची, यावरूनही दोघांत वाद झाला. मंदीच्या काळात नॅशनलचं 'ड्युओलियन' हे मॉडेल साधारण 32 डॉलरला मिळायचं, आणि तेच रस्त्यावरच्या ब्लूजवाल्यांच्या हातात गेलं. 1930च्या दशकात दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या. बोशाँ तोवर विजेच्या गिटारकडे वळला होता. 1932च्या सुमारास त्याची 'फ्राइंग पॅन' बाजारात आली आणि पत्र्याच्या गिटारचं मूळ कारणच संपलं. आवाज आता तारेतून येत होता.

आता माझी तुटलेली तार आठवा. या गिटारींच्या माना दोन प्रकारच्या असतात. चौकोनी मान म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, हवाईयन पद्धतीने वाजवायची. ती भक्कम असते, तारा बोटभर उंच असतात, जास्त ताण सहन करते. गोल मान म्हणजे नेहमीसारखी धरून, बोटात नळी घालून वाजवायची. चौकोनी मानेच्या डोब्रोवर पुढे ब्लूग्रास संगीतात जी जुळणी रूढ झाली ती वेगळीच: जी, बी, डी, जी, बी, डी. म्हणजे सा, ग, प, सा, ग, प. 1955मध्ये जॉश ग्रेव्हज फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या बँडमध्ये आला आणि त्याने डोब्रोवर बँजोच्या तीन बोटांची पद्धत आणली. ही जुळणी ऐकायला फार छान आहे. पण तिच्यात सहावी तार नेहमीपेक्षा दीड स्वर वर चढते, पाचवी एक स्वर. तिच्यासाठी वेगळ्या जाडीच्या तारांचा संच लागतो. गोल मानेच्या गिटारवर साध्या तारा लावून हे करू नका. तार तुटते, मानेवर ताण येतो, आणि घोडीवरचा दाब वाढून तो पातळ शंकू कायमचा बसू शकतो. माझी तार तुटली, शंकू वाचला. नशीब.

म्हणून नवशिक्यासाठी पहिला नियम: तारा चढवायच्या नाहीत, उतरवायच्या. ओपन जी आणि ओपन डी ही उतरवून होतात. ओपन ए आणि ओपन ई ही त्याच जुळण्या, एक स्वर चढवून. चढवल्यासारखाच सूर हवा असेल तर उतरवलेल्या जुळणीत दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. उतरवल्यावर तारा सैल पडतात आणि नळी फ्रेटवर आपटून खडखडते. त्यावर उपाय जाड तारा. पहिली तार साधारण 0.014 ते 0.016 इंचाची घ्या.

आता जी की डी? दोन्हींच्या घराण्यांकडे बघू. टँपा रेड, शिकागोचा 'गिटार विझर्ड', 1928च्या सुमारास सोनेरी मुलाम्याची तीन शंकूंची नॅशनल घेऊन वाजवायचा. तो मुख्यतः वेस्टापोलवाला. त्याच्या हातात एक-एक तार गायची, कारण वेस्टापोलमध्ये पहिली तार षड्जाची. बाराव्या फ्रेटवर तार षड्ज हाताशी. तिसऱ्यावर कोमल गंधार, पाचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, दहाव्यावर कोमल निषाद. म्हणा बरं: सा, ग कोमल, म, प, नी कोमल, सा. धानी रागाचे स्वर! फक्त ब्लूजवाला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवतो, आणि तो नळीनेच सापडतो. एल्मोर जेम्सचं 1951चं 'डस्ट माय ब्रूम' ज्या गर्जनेने सुरू होतं, ती याच जुळणीतल्या बाराव्या फ्रेटवरची.

स्पॅनिशमध्ये पहिली तार पंचमाची. षड्ज तिच्यावर पाचव्या फ्रेटवर मिळतो. त्यामुळे गाणं वरच्या टोकाला 'घरी' येत नाही, मधल्या तारांवर येतं. सन हाउसचं वादन ऐका. तो तार छेडत नाही, तिला हाणतो. पाचव्या तारेवरचा खर्ज पायाच्या ठेक्यासारखा चालू राहतो आणि नळी वरून ओरडते. लय आणि हुंकार, हा स्पॅनिशचा स्वभाव.

आणि आता या भागातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. वेस्टापोलच्या सहावी ते दुसरी या पाच तारा म्हणा: सा, प, सा, ग, प. स्पॅनिशच्या पाचवी ते पहिली या पाच तारा म्हणा: सा, प, सा, ग, प. तेच! नुसतं एक तार सरकवलेलं. म्हणजे एका जुळणीत बसवलेली फिरत दुसरीत एक तार खाली किंवा वर सरकवली की जशीच्या तशी वाजते. हे मला कळायला वर्ष गेलं. तोवर मी दोन वेगळी वाद्यं शिकत असल्यासारखा दोन वह्या भरत होतो.

सन हाउसचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगतो. 1930मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी त्याने रेकॉर्डिंग केलं. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत. 1941 आणि 42मध्ये ॲलन लोमॅक्सने काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी पुन्हा त्याला रेकॉर्ड केलं. 1943मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला, रेल्वेत नोकरी केली, वाद्य सुटलं. 1964मध्ये तीन तरुण गोरे चाहते शोधत शोधत त्याच्या दारात पोचले, तेव्हा त्याच्याकडे गिटारसुद्धा नव्हती. त्याला स्वतःची गाणी आठवत नव्हती. मग ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या मुलाने, जो पुढे 'कॅन्ड हीट' बँडमध्ये गेला, जुन्या रेकॉर्डी ऐकून बसवलेलं त्याचंच वादन त्याला परत दाखवलं. साठी ओलांडलेला माणूस स्वतःचं वाजवणं एका पोराकडून शिकला. 1965ची त्याची रेकॉर्ड आणि पत्र्याच्या गिटारसह जगाने पाहिलेला सन हाउस, हे सगळं त्यानंतरचं.

हे ऐकून मला आधी वाईट वाटलं होतं. आता वेगळं वाटतं. वीस वर्षं वाद्य सुटलेल्या माणसालाही परत येता आलं, कारण त्याचं घर एकच होतं आणि ते ओळखीचं होतं. त्याने दहा ट्युनिंगा गोळा केल्या नव्हत्या. तार कुठे काय बोलते हे हाताला आतून माहीत होतं, नुसती आठवण करून द्यायची होती. नवशिके म्हणून आपण उलटं करतो. दर आठवड्याला नवी जुळणी, कारण नवी जुळणी लावली की पहिली पाच मिनिटं वाटतं आपण वाजवायला शिकलो. सगळंच गोड लागतं ना! सहाव्या मिनिटाला कळतं की हात कोराच आहे.

अजून एक गोष्ट, ही तानपुऱ्यात वाढलेल्या कानांसाठी. ट्युनर यंत्राने लावलेला गंधार थोडा चढा असतो. यंत्र पेटीचा, सम वाटून दिलेला गंधार दाखवतं. तो नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण 14 सेंट वर असतो, आणि एक श्रुतिस्वर म्हणजे 100 सेंट नव्हेत, पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे 100 सेंट, असा हिशेब. उत्तम मिळवलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो आठवा. ओपन जीमध्ये दुसरी तार, ओपन डीमध्ये तिसरी तार केसभर उतरवा आणि सगळ्या तारा एकदम छेडा. पत्र्याचं पोट एकदम शांत होतं, थरथर थांबते. नळी फ्रेटवर अवलंबून नसल्यामुळे हे चालतं.

आपल्याकडे हे वाद्य कसं आलं, हा स्वतंत्र भागाचा विषय आहे. आज एवढंच, की हवाईयन गिटार घेऊन जगभर फिरलेला टाउ मो आणि त्याचं कुटुंब 1940च्या दशकात कलकत्त्यात राहिलं. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी ती गिटार घराघरांत पोचवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवला. 1967ची 'कॉल ऑफ द व्हॅली' तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आणि 1993मध्ये विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' आली. एकाची मोहन वीणा, दुसऱ्याच्या बोटात बाटलीची नळी. त्यांना एकमेकांना ट्युनिंग समजावायला किती वेळ लागला असेल? दोघांच्याही तारांत सा आणि प होतेच.

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. गोल मान असेल तर ओपन जी लावा, म्हणजे स्पॅनिश. तीन तारा उतरवायच्या, मधल्या तीन ओळखीच्या राहतात, तुटायची भीती नाही. मोकळ्या तारा सा, पाचवा फ्रेट मध्यमाचा, सातवा पंचमाचा, बाराव्यावर पुन्हा घरी. सहा महिने खुंटीला दुसऱ्या कामासाठी हात लावू नका. नळी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर ठेवा, दोन पट्ट्यांच्या मधे नाही. नळीच्या मागच्या बोटाने तारा हलकेच दाबून ठेवा, नाहीतर कुंई कुंई ऐकू येईल. मग एक दिवस वेस्टापोल लावा आणि तेच वाजवा, एक तार सरकवून. जर तुमचा कान एकेरी गाण्याकडे, मींडेकडे ओढला जात असेल तर उलट क्रमही चालेल, आधी वेस्टापोल. चौकोनी मान असेल तर योग्य तारा लावून जी-बी-डी-जी-बी-डी. बाकी जुळण्या कुठे पळून जात नाहीत.

मी स्वतः? माझी गिटार गेली दोन वर्षं स्पॅनिशमध्येच आहे. पाचवी तार नवी आहे, बाकी जुन्याच.

तुम्ही काय लावलंय ते कळवा. हवाईवाल्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि खुंटी जड लागली तर थांबा.